गुळवेल रोज घ्यावी का? आईचा एसजीपीटी वाढल्यावर आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५६. हाशिमोटो प्रकारचा थायरॉईडचा आजार आहे, त्यासाठी थायरॉक्सिन चालू. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गेले चार महिने त्या रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या वेलीच्या कांडाचा रस घेतात, आणि वेल छाटलेली असेल तेव्हा बाटलीतला. नेहमीच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, १४२ आला. डॉक्टरांनी गुळवेल थांबवायला सांगितली. घरात मात्र दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, काविळीवर जी वनस्पती देतात ती यकृत कसं बिघडवेल? तुम्ही विचारलंय, वैद्य म्हणून माझं मत काय.

माझं मत तुमच्या डॉक्टरांचंच आहे. गुळवेल आजपासून बंद करा. मात्रा हळूहळू कमी करत नेण्याची गरज नाही, एकदम थांबवलेली चालते. थायरॉईडची आणि साखरेची औषधं मात्र आपल्या मनानं थांबवू नका. गुळवेल साखर थोडी खाली आणते, त्यामुळे ती बंद झाल्यावर आकडा वर सरकू शकतो. पुढचे दोन-तीन आठवडे उपाशीपोटीची साखर घरी बघत राहा आणि आकडे लिहून ठेवा.

आता रिपोर्टकडे वळू. एसजीपीटीची वरची मर्यादा साधारण ४० धरली, तर १४२ म्हणजे साडेतीन पट. हा आकडा एकटा घाबरवणारा नाही, पण त्याच्या जोडीला बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, किती आहे यावर सगळं ठरतं. औषधानं यकृताला इजा झालेली असताना एसजीपीटी तीन पटींहून अधिक आणि बिलिरुबिन दोन पटींहून अधिक असेल, तर तो रुग्ण धोक्याच्या गटात जातो, हा यकृततज्ज्ञांचा जुना आणि भरवशाचा नियम आहे. म्हणून बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) या तपासण्या झाल्या नसतील तर लगेच करून घ्या. एसजीपीटी आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा करायचा.

सगळा दोष आत्ताच गुळवेलीच्या माथी मारण्याचीही घाई नको. मधुमेह असलेल्यांमध्ये यकृतात चरबी साठणं फार आढळतं आणि त्यानंही एसजीपीटी वाढतो. ए, बी, सी, ई या विषाणूंची काविळ सुरुवातीला डोळ्यांत दिसत नाही. मधे कधी अंगदुखीच्या गोळ्या, क्षयरोगाचं औषध, वजन कमी करण्याची पावडर असं काही पोटात गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सोनोग्राफी, विषाणूंच्या तपासण्या, आणि आईंच्या बाबतीत आवर्जून एएनए व आयजीजी (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का ते सुचवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या. या शेवटच्या दोन तपासण्या मी का सांगतोय ते पुढे येईल.

डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, अंगभर खाज, अन्न नकोसं वाटणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. आणि बोलण्यात गोंधळ, दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जागं, असं झालं तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

आता मूळ मुद्दा, कारण घरातली आई थांबेल, पण घरातलं मत बदलायला कारण द्यावं लागतं.

गुळवेल हे आमच्या शास्त्रातलं अव्वल दर्जाचं औषध आहे. मी ते वापरतो आणि वापरत राहीन. चव कडू, मागून किंचित तुरट. वीर्यानं, म्हणजे शरीरावरच्या परिणामानं, उष्ण आणि विपाकानं, म्हणजे पचनानंतर, मधुर. कडू असून शरीर न सुकवणारं औषध विरळाच, आणि म्हणूनच तापानं थकलेल्या रुग्णाला ते देता येतं. चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धीला हितकर, रसायनं सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पीबरोबर गुळवेलीचा रस येतो. त्याच ग्रंथात, ज्या-त्या कामात सर्वांत श्रेष्ठ द्रव्यांची जी यादी आहे तिथेही ती आहे, वात कमी करणारी आणि कफ व रक्ताशी संबंधित अडथळे दूर करणारी म्हणून. संधिवाताच्या ज्या प्रकारात सांधा लाल, गरम आणि हात लावू देत नाही इतका दुखरा होतो, त्या वातरक्तात गुळवेलीचा उपयोग आजही होतो. कैशोर गुग्गुळात तीच मुख्य आहे.

जुना, रेंगाळणारा, संध्याकाळी कणकण आणणारा ताप हे तिचं दुसरं मोठं क्षेत्र. ताप उतरल्यावर तोंडाला चव नाही, भूक नाही, पाय गळाल्यासारखे, अशा अवस्थेत थोडे दिवस दिलेली गुळवेल रुग्णाला उभं करते. त्वचेच्या विकारांत ती कडुनिंब, अडुळसा, पडवळ आणि रिंगणीबरोबर पंचतिक्तात, म्हणजे पाच कडू वनस्पतींच्या गटात, येते. प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांत, तिचा रस मधाबरोबर सांगितला आहे. आणि हो, काविळीतही ती आहे. त्रिफळा, अडुळसा, कुटकी, किराईत, कडुनिंब आणि गुळवेल यांचा फलत्रिकादी काढा काविळीवर शतकानुशतकं दिला गेला. तुमच्या घरच्यांचा मुद्दा ग्रंथाला धरूनच आहे.

पण ग्रंथ नीट वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गुळवेल कुणाला कशाबरोबर द्यायची हे वेगवेगळं सांगितलंय. वातासाठी तुपाबरोबर, मलावरोधात गुळाबरोबर, पित्तात खडीसाखरेबरोबर, कफात मधाबरोबर, उग्र वातरक्तात एरंडेलाबरोबर, आमवातात सुंठीबरोबर. एकाच वनस्पतीला सहा वाटा. याचा सरळ अर्थ असा की रोगी समोर ठेवून, त्याचा अग्नी, कोठा आणि दोष बघून ती द्यायची. रसायन म्हणून द्यायची तरी आधी शरीरशुद्धी, मग पचन ताळ्यावर आहे ना याची खात्री, आणि मग ठरावीक काळ. निरोगी माणसानं वर्षानुवर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी असं मला कुठल्याही संहितेत आढळलेलं नाही. ही सवय अलीकडची आहे आणि तिला परंपरेचं नाव लावणं मला पटत नाही.

ही सवय बळावली ती करोनाच्या साथीत. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं करोनासाठी आयुर्वेद आणि योगाची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात गुळवेलीची घनवटी (आटवलेल्या अर्काची गोळी) ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १५ दिवस किंवा महिनाभर किंवा वैद्याच्या सल्ल्यानुसार, असं स्पष्ट लिहिलं होतं. लोकांनी त्यातलं वनस्पतीचं नाव घेतलं आणि मुदत सोडून दिली. घरोघरी काढे उकळले गेले, एका काढ्यात चार-चार कडू द्रव्यं, मात्रा हाताच्या अंदाजानं, आणि महिने उलटले तरी चालूच.

त्याच काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना काही रुग्ण दिसू लागले. काविळ झालेली, विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह, दारू नाही, आणि इतिहासात गुळवेल. २०२१ मध्ये त्यांनी असे ६ रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ मध्यकानं ४६ दिवस होता. अर्ध्याहून थोड्या अधिक स्त्रिया होत्या. बऱ्याच जणांचं यकृत आधीपासूनच आजारी होतं आणि ते अचानक आणखी ढासळलं. रक्तात एएनए ही प्रतिपिंडं अनेकांत सापडली, आणि यकृताचा तुकडा काढून तपासला त्यांच्यात स्वयंप्रतिकारक हिपॅटायटिससारखं चित्र दिसलं. म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटलेली.

आता आईंच्या हाशिमोटोचा संबंध लक्षात येईल. हाशिमोटोमध्ये प्रतिकारयंत्रणा थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते. एका अवयवाच्या बाबतीत ही प्रवृत्ती असलेल्या माणसात दुसऱ्या अवयवाच्या बाबतीतही ती सुप्त असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आणि गुळवेल काय करते? तिच्या कांडातल्या बहुशर्करा, विशेषतः अरॅबिनोगॅलॅक्टन, शरीरातल्या भक्षक पेशींना जागं करतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय. ज्या गुणासाठी लोक ती घेतात तोच हा गुण. वारंवार सर्दी होणाऱ्याला तो उपकारक ठरू शकतो. ॲलर्जीच्या सर्दीवर ७५ रुग्णांवर ८ आठवडे झालेल्या चाचणीत शिंका, नाक वाहणं, नाक चोंदणं यांत चांगला उतार दिसला होता. पण ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच चुकीच्या दिशेनं पेटलेली आहे, त्याला तिची धार वाढवणारं औषध द्यायचं नसतं. प्रतिकारशक्ती वाढणं हे प्रत्येकाच्या भल्याचंच असतं, हा समज मोडायला हवा. ल्युपस, आमवाताभ (ऱ्हुमॅटॉइड) संधिवात, सोरायसिस, अल्सरेटिव्ह कोलायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिस, ग्रेव्ह्ज, हाशिमोटो, यांतला कुठलाही आजार असलेल्या रुग्णाला मी गुळवेल स्वतःहून घेऊ देत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सोरायसिस आणि सांध्यांच्या आजारांत आमची परंपरा गुळवेल देते, आणि अनेक रुग्णांना तिचा गुण येताना मी बघितलाय. तरीही आता मी अशा रुग्णाचं यकृत आधी तपासतो, औषध चालू असताना महिन्यानं पुन्हा तपासतो, आणि मेथोट्रेक्सेट किंवा स्टिरॉइड ही प्रतिकारयंत्रणा दाबणारी औषधं चालू असतील तर गुळवेलीच्या वाटेला जात नाही. ज्येष्ठ वैद्यांना हे अति वाटतं. ज्या औषधानं काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, त्याच्यासाठी एक रक्ततपासणी मला अजिबात अति वाटत नाही.

‘काविळीचं औषध काविळ कसं करेल?’ याचंही उत्तर यातच आहे. गुळवेल यकृताला सरसकट विषारी आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. बहुसंख्य लोक ती घेतात आणि त्यांना काही होत नाही. इजा होते ती मोजक्यांना, आणि ती मात्रेच्या प्रमाणात न होता त्या व्यक्तीच्या शरीरप्रवृत्तीतून होते. अशी इजा आधुनिक औषधांतही होते, क्षयरोगाच्या आयसोनियाझिडपासून अनेक प्रतिजैविकांपर्यंत. ‘शेजारच्या काकू दहा वर्षं घेतात, त्यांना काही झालं नाही’ हा पुरावा म्हणूनच कामाचा नाही. त्याच कारणानं, एसजीपीटी खाली आल्यावर ‘बघू या खरंच गुळवेलीनंच झालं होतं का’ म्हणून पुन्हा सुरू करणं हा सर्वांत धोकादायक प्रयोग. दुसऱ्या वेळी इजा लवकर आणि जास्त तीव्र होऊ शकते. आईंना यापुढे गुळवेल कुठल्याच रूपात नको, संशमनी वटीत नाही, अमृतारिष्टात नाही, कैशोर गुग्गुळातही नाही. हे औषधांच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मुंबईचे अहवाल आले तेव्हा आयुष मंत्रालयानं असं म्हटलं की गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीनं गोंधळ झाला असावा. ती वेल म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्ही कडू, दोन्हींची पानं हृदयाच्या आकाराची. तुमची वेल घरची असल्यानं ती पारखून घेता येईल, म्हणून सांगतो.

अंगठ्याएवढं जाड एक कांड हातात घ्या. गुळवेलीची वरची साल कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी असते आणि नखानं अलगद सुटते. तिच्याखाली लगेच हिरवा, ओलसर थर लागतो. कांडावर बारीक बारीक पांढुरके ठिपके असतात, पण हात फिरवला तर मोठे टोकदार गुठळे लागत नाहीत. क्रिस्पाचं कांड करडं असतं, त्यावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात आणि मोडल्यावर दुधट चीक येतो. गुळवेल आडवी कापली की आत गाडीच्या चाकासारखी आरे असलेली नक्षी दिसते. पक्व फळ दोघींना वेगळं करतं: गुळवेलीचं गोल आणि लाल, क्रिस्पाचं लांबट आणि नारिंगी. फुलाला पाकळ्या गुळवेलीत सहा, क्रिस्पात तीन. शिवाय टिनोस्पोरा सायनेन्सिस नावाची तिसरी वेलही गुळवेल म्हणून खपते. तिच्या पानांना मखमली लव असते, गुळवेलीची पानं गुळगुळीत असतात.

ही पारख महत्त्वाची आहेच. पण सगळा प्रश्न चुकीच्या वेलीवर ढकलून मोकळं होता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रतिकारयंत्रणेला चेतवणं हा खऱ्या गुळवेलीचाच गुण आहे आणि इजेचं स्वरूप त्या गुणाशी जुळतं. आपल्या औषधाबद्दल प्रेम असणाऱ्यानंच हे आधी मान्य करायला हवं. आपण मान्य केलं नाही तर लोक एक दिवस औषधच टाकून देतील.

आता घरातले इतर, ज्यांना यातलं काहीही नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना गुळवेल वर्ज्य नाही. कारण असेल तेव्हा, ठरावीक दिवस घ्यावी. आयुर्वेदीय औषधिकोशात चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम दिली आहे. काढा करताना सुकलेल्या कांडाचं भरड २० ग्रॅम घ्या, चूर्ण बारीक नको, गाळताना त्रास होतो. ३२० मिलिलिटर पाणी घालून मंद आचेवर झाकण न ठेवता उकळा. ४० मिलिलिटर उरलं की फडक्यानं गाळा. हा एका दिवसाचा काढा, दोन वेळांत विभागून, त्याच दिवशी संपवायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी गरम करून पिऊ नये. पित्ताची प्रकृती असेल, काढ्यानं जळजळ होत असेल तर ताजं कांड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून, गाळून घ्या. याला आम्ही हिम म्हणतो.

गुळवेल ताजी वापरणं केव्हाही चांगलं. काही द्रव्यं नेहमी ओलीच वापरावीत आणि ओली म्हणून त्यांची मात्रा दुप्पट करू नये असा नियम आहे, त्यात अडुळसा आणि कुडा यांच्याबरोबर गुळवेल येते. कांड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात काढलेलं उत्तम, कारण पावसाळ्यात ते पाण्यानं फुगलेलं आणि गुणानं पातळ असतं. पेन्सिलीएवढं कोवळं कांड घेऊ नका. कडुनिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानतात. वेल ज्या झाडावर चढलीय ते झाड मात्र बघाच. काजरा किंवा कण्हेरीसारख्या विषारी झाडावरची वेल औषधाला घेऊ नये, ही जुन्या लोकांची खबरदारी मी पाळतो.

किती दिवस? तापानंतरच्या अशक्तपणाला १० ते १५ दिवस पुरतात. त्यापलीकडे, किंवा एखाद्या जुनाट आजारासाठी, वैद्याच्या देखरेखीशिवाय नको. महिन्याहून जास्त चालणार असेल तर यकृताची तपासणी आधी आणि मधे करून घ्यावी. साधे त्रासही माहीत असू द्या. ती संग्राही, म्हणजे मळ बांधणारी आहे, त्यामुळे कोठा जड असणाऱ्यांना बद्धकोष्ठ होतो. काहींना पोटात जळजळ होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, अचानक भूक यांकडे दुर्लक्ष नको. आईंच्या ग्लिमेपिराइडबरोबर हा धोका चारही महिने होताच.

गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी टाळावी. लहान मुलांना वैद्यानं सांगितल्याशिवाय देऊ नये. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी तर तिला हातच लावायचा नाही, कारण त्यांची प्रतिकारयंत्रणा औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते आणि तिला चेतवलं तर नवा अवयव नाकारला जाऊ शकतो. सिऱ्हॉसिस, जुनी हिपॅटायटिस बी किंवा सी, आणि वाढलेलं फॅटी लिव्हर असलेल्यांनाही नको. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर दोन आठवडे आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना सांगा.

डेंग्यूत प्लेटलेट वाढवायला गुळवेल देण्याची चाल पसरलीय. डेंग्यूत यकृताचे एन्झाइम रोगामुळेच वाढतात, कधी कधी हजाराच्या घरात. अशा वेळी वरून दोन-तीन कडू रस पाजले, तर पुढे बिघाड कशानं झाला हे कुणालाच कळत नाही. पाणी आणि क्षार पुरेसे जाताहेत का, लघवी होतेय का, पोटात दुखतंय का, याकडे लक्ष देणं हेच डेंग्यूत जीव वाचवतं.

बाटलीतल्या रसाबद्दल थोडं. अनेक बाटल्यांवर गुळवेलीबरोबर तुळस, कडुनिंब, कोरफड असं मिश्रण असतं आणि प्रत्येकाचं प्रमाण लिहिलेलं नसतं. टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट घातलेलं असतं. लेबलवर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव तिन्ही असतील तरच ते औषध म्हणून विचारात घ्यावं. गुळवेल सत्त्व तर आणखी नाजूक प्रकरण. कांड ठेचून पाण्यात कोळायचं, गाळायचं, खाली बसलेला पांढरा साका धुऊन वाळवायचा, असं ते होतं. मूळचा हा पिष्टमय पदार्थ, आणि पुष्कळ कांडातून हाताला थोडंसंच लागतं. त्यामुळे मका किंवा बटाट्याचं पीठ मिसळणं सोपं जातं. फार स्वस्त आणि झगझगीत पांढरं सत्त्व दिसलं की मी बाजूला ठेवतो.

आईंसाठी आता आणखी एक सावधगिरी. गुळवेल थांबवल्यावर कुणीतरी नक्की सांगेल, की यकृतासाठी कुटकी द्या, भुईआवळी द्या, अमुक सिरप द्या. सध्या काहीही देऊ नका, माझ्या पेटीतलंसुद्धा. यकृत स्वतःहून सावरतंय की नाही हे बघण्यासाठी मैदान मोकळं हवं. औषधामुळे झालेली इजा असेल तर ते औषध थांबल्यावर एसजीपीटी साधारणपणे काही आठवड्यांत उतरू लागतो. दोन महिने उलटूनही तो उतरत नसेल, किंवा मधेच चढला, तर यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवं.

त्यांच्याकडे जाताना बाटली, तिचा बॅच क्रमांक, आणि घरच्या वेलीचं पानासकट एक कांड बरोबर न्या. कधी सुरू केलं, किती घेत होत्या, शेवटचं कधी घेतलं, हे तारखांसह लिहा. एएनए आणि आयजीजी वाढलेले असतील तर त्यांना थेट विचारा की हा गुळवेलीमुळे उठलेला तात्पुरता प्रकार आहे की आईंना स्वयंप्रतिकारक हिपॅटायटिस आहे. या दोहोंत फरक करायला कधी कधी बायोप्सी लागते, आणि दुसऱ्या शक्यतेत स्टिरॉइड लवकर सुरू करणं महत्त्वाचं असतं. ते टाळण्यासाठी पुन्हा एखाद्या काढ्याच्या मागे लागू नका.

आणि या घटनेची नोंद करा. आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथी औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं मुख्य समन्वय केंद्र दिल्लीतल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे आणि अनेक आयुर्वेद महाविद्यालयांत त्याची उपकेंद्रं आहेत. फॉर्म साधा आहे, रुग्णाचं नाव गुप्त राहतं, आणि दुष्परिणाम सिद्ध झालेला असण्याची अट नाही, संशय पुरेसा आहे. तुमच्या जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातल्या द्रव्यगुण विभागात चौकशी केलीत तर ते फॉर्म भरून घ्यायला मदत करतील. आईंचे पुढचे रिपोर्टही त्याच नोंदीला जोडता येतात.